संगीत नाटकाचा रचनाकार आणि रसिकांचा शोक : पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या संदर्भात

सारांश

संगीत नाटकातील नट रंगमंचावर दिसतो आणि नाटककाराची संहिता ग्रंथरूपाने हाती येते. पदांना चाल देणारा रचनाकार मात्र प्रेक्षकांना बहुधा इतरांच्या गळ्यातूनच भेटतो. अशा रचनाकाराच्या निधनानंतर रसिकांचा शोक कोणते रूप घेतो, त्या शोकातून त्याच्या निर्मितीपैकी काय टिकते आणि काय निसटते, याचा विचार पं. जितेंद्र अभिषेकी (१९२९-१९९८) यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे. पुण्यतिथीच्या मैफलींनी नाट्यपदे जिवंत ठेवली. परंतु ज्या नाट्यप्रसंगांसाठी ती रचली गेली, ते प्रसंग या मैफलींत मागे पडतात. ही उणीव भरून काढण्यात महाविद्यालयांचा वाटा कोणता असू शकेल, हेही लेखाच्या उत्तरार्धात मांडले आहे.

बीजसंज्ञा : संगीत नाटक, नाट्यपद, रचनाकार, हजेरी, पुण्यतिथी, स्मृतिसमारोह.

प्रस्तावना

मराठी रंगभूमीच्या दिनदर्शिकेत ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा यांना विशेष स्थान आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग पुण्यात झाला. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे निधन झाले. ५ नोव्हेंबर हा दिवस विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या 'सीतास्वयंवर'च्या प्रयोगाची आठवण म्हणून मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. आणि ७ नोव्हेंबर ही पं. जितेंद्र अभिषेकी यांची पुण्यतिथी होय. एका आठवड्याच्या अवधीत रंगभूमीचे जन्मदिवस आणि मृत्युदिवस असे शेजारी येऊन बसले आहेत.

ज्या विष्णुदासांमुळे ५ नोव्हेंबरला महत्त्व आले, त्यांचे नाव नवी मुंबईत वाशीच्या नाट्यगृहाला दिलेले आहे. ठाण्याचे रंगायतन राम गणेश गडकरी यांच्या नावाचे, पुण्याचे रंगमंदिर बालगंधर्वांचे, विलेपार्ल्याचे नाट्यगृह मास्टर दीनानाथांचे आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले यांचे. ही सारी नावे नाटककारांची किंवा नटगायकांची आहेत. मुख्यतः पदांच्या चाली बांधणारा म्हणून ओळखला जाणारा कलावंत या नामावलीत दिसत नाही. येथे कोणाच्या उपेक्षेची तक्रार करावयाची नाही. परंतु समाज कोणाला कोणत्या रूपात स्मरणात ठेवतो, याची एक खूण या नामफलकांतून मिळते. जो दिसला त्याचे स्मारक दगडविटांचे झाले. जो केवळ ऐकू आला, त्याच्या स्मारकाचे स्वरूप काय, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

रचनाकार ही स्वतंत्र भूमिका

संगीत नाटकाच्या आरंभकाळात 'संगीतकार' असा वेगळा मानकरी नव्हता. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा यांसारखी कीर्तनपरंपरेतील वृत्तजाती आणि प्रचारातील लोकप्रिय चाली घेऊन त्यांवर पदे रचली. छापील संहितेत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचा निर्देश असे. गाणाऱ्याला आणि वाचकाला तेवढा पुरेसा होई. नाटककार, पद्यकार आणि चालीची निवड करणारा अशी तिन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करी. त्यामुळे १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले तेव्हा मंडळींनी एकाच वेळी या तिघांना गमावले. त्यांचे 'रामराज्यवियोग' अपूर्णच राहिले. नाटक मंडळी मात्र प्रयोग करीत राहिली आणि 'सौभद्र' आजही रंगभूमीवर येते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'पासून (१९११) हे चित्र बदलले. या नाटकाच्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी स्वतंत्रपणे चाली दिल्या आणि चाल देणारा कलावंत म्हणून त्यांचे नाव नाटकाशी जोडले गेले. पुढे 'स्वयंवर'साठी (१९१६) भास्करबुवा बखले, 'बलवंत' आणि 'ललितकलादर्श' या मंडळींच्या नाटकांसाठी रामकृष्णबुवा वझे, 'कुलवधू'साठी (१९४२) मास्टर कृष्णराव आणि 'पंडितराज जगन्नाथ'साठी (१९६०) वसंत देसाई अशी रचनाकारांची परंपरा निर्माण झाली.

या परंपरेतील अनेक रचनाकार नटांचे गुरूही होते, ही गोष्ट शोकाच्या विचारात महत्त्वाची ठरते. बालगंधर्व हे भास्करबुवांचे शिष्य. गुरूने चाल बांधावी, शिष्याने ती समोर बसून गळ्यात उतरवावी आणि रात्री रंगमंचावर तिचा विस्तार करावा, अशी ही पद्धती होती. चाल कागदावर फारशी नसे. ती देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या स्मरणात असे. रचनाकार गेला की त्याच्याबरोबर चालीचा मूळ साठाच नाहीसा होण्याची भीती असे. म्हणून त्याच्यामागे राहिलेल्यांना हळहळ व्यक्त करून थांबता येत नसे. घेतलेले पुन्हा गाऊन दाखवणे हे त्यांच्यावरचे दायित्व होते.

अभिषेकींचे कार्य

पं. जितेंद्र अभिषेकी यांचा जन्म गोव्यातील मंगेशी येथे २१ सप्टेंबर १९२९ रोजी झाला. वडील मंगेशाच्या देवळात अभिषेकाचे काम करीत आणि कीर्तनही करीत. मास्टर दीनानाथांचे कुळही याच देवळाशी निगडित होते. देवळातील कीर्तन-भजन आणि गोव्याचे लोकसंगीत यांचे संस्कार घेऊन अभिषेकी बाहेर पडले. गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा वेगवेगळ्या गुरूंकडून त्यांनी विद्या मिळविली. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोंकणी विभागात त्यांनी काम केले. एकाच घराण्याच्या कुंपणात न राहिल्यामुळे निरनिराळ्या गायनशैलींची नेमकी ओळख त्यांना झाली, आणि नाटकात पात्रागणिक शैली बदलण्याची गरज असते तेव्हा तीच त्यांच्या उपयोगी पडली.

१९६४ साली दि गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या अवघ्या तीन-चार वर्षांत वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' (१९६६), कानेटकरांचे 'लेकुरे उदंड जाली' (१९६६), पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) आणि रणजित देसाईंचे 'हे बंध रेशमाचे' (१९६८) ही अभिषेकींच्या संगीताने नटलेली नाटके आली. बोलपटाच्या आगमनानंतर क्षीण झालेल्या संगीत रंगभूमीला या नाटकांनी नवा श्रोता मिळवून दिला, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

अभिषेकींनी नेमके काय बदलले, हे येथे सांगणे आवश्यक आहे. रात्रभर चालणाऱ्या जुन्या प्रयोगात पदांची संख्या मोठी असे. 'शाकुंतल'मध्ये ती दोनशेच्या आसपास होती. 'वन्समोअर' पडला की नट तेच पद अधिक विस्ताराने गाई आणि कथानक तेवढा वेळ थांबून राही. सुमारे तीन तासांच्या नाटकात हे शक्य नव्हते. अभिषेकींनी पदांची संख्या व लांबी आटोपशीर ठेवली आणि प्रत्येक पदाचा स्वर त्या पात्राच्या स्वभावाशी व त्या क्षणाच्या भावाशी बांधला. 'मत्स्यगंधा'त रामदास कामत यांचा पराशर आणि आशालता वाबगावकर यांची सत्यवती वेगवेगळ्या वळणाने गातात. 'लेकुरे उदंड जाली'मध्ये तर श्रीकांत मोघे यांच्यासारख्या मुळात गद्य नटाने बोलता बोलता गावे, अशी हलकीफुलकी रचना त्यांनी केली.

'कट्यार काळजात घुसली' हे या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. राजगायकाच्या पदावरून पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यात निर्माण झालेला संघर्ष हा या नाटकाचा विषय. या संघर्षात दोन गायकींचा विरोध आहे. पंडितांच्या पदांतील संयत, रेखीव मांडणी आणि खाँसाहेबांच्या गाण्यातील चपळ, आक्रमक फिरत यांतील फरक प्रेक्षकाला ऐकूनच कळावा लागतो; तो कळला नाही तर नाटकच कळत नाही. वसंतराव देशपांडे यांच्यासारखा बुद्धिमान गायक खाँसाहेबांच्या भूमिकेत लाभल्याने हा विरोध विलक्षण प्रभावी झाला. येथे संगीत संवादाइतकेच कथानक पुढे नेते. पद नाटकातून उचलता येऊ नये अशा रीतीने ते नाटकात बसविणे, हे अभिषेकींच्या रचनेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

शोकाची रूपे

मृत्यू आणि प्रयोग यांचे नाते मराठी रंगभूमीला नवे नाही. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच, १२ मार्च १९११ रोजी, बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही घटना सर्वश्रुत आहे. प्रयोग थांबू नये म्हणून नटाने स्वतःचा शोक बाजूला ठेवला. रचनाकाराच्या निधनानंतर मात्र शोक बाजूला ठेवण्याऐवजी प्रयोगाच्याच रूपाने व्यक्त होतो. याचे कारण वर सांगितलेल्या गुरुशिष्य व्यवहारात आहे.

संगीतक्षेत्रात 'हजेरी' हा शब्द विशिष्ट अर्थाने रूढ आहे. गुरूच्या पुण्यतिथीला शिष्याने यावे, चार स्वर लावावेत आणि आपण अद्याप त्या विद्येचे आहोत असे सर्वांसमक्ष सांगावे, ही हजेरी. १९२२ मध्ये भास्करबुवा बखले गेले. त्यांची स्मृती पुण्यातील भारत गायन समाजाने जपली. संगीत रंगभूमी गाजविलेले सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ पासून पं. भीमसेन जोशी व गुरुबंधूंनी जो उत्सव सुरू केला, तो पुढे देशातील एक अग्रगण्य संगीत महोत्सव झाला. एका गुरूसाठी मूठभर शिष्यांनी केलेला शोक सार्वजनिक संस्थेत कसा रूपांतरित होतो, याचा हा ठळक नमुना होय.

रसिकांचा शोक याच हजेरीच्या वळणाने जातो. १९९८ मध्ये अभिषेकींचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यामागे गाणाऱ्या शिष्यांचा मोठा परिवार होता. प्रभाकर कारेकर, राजा काळे, अजित कडकडे, आशा खाडिलकर, देवकी पंडित, पुत्र शौनक अभिषेकी आणि वयाने बरेच धाकटे असे महेश काळे यांनी बुवांची विद्या वेगवेगळ्या दिशांना नेली. गोव्यात कला अकादमीच्या वतीने त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो. मोठ्या शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत 'स्वरांजली', 'स्मृतिसंध्या' अशा नावांनी होणाऱ्या कार्यक्रमांत आणि दिवाळी पहाटेच्या मैफलींत त्यांची नाट्यपदे गायिली जातात. जे स्वतः गात नाहीत, ते या ठिकाणी श्रोते म्हणून हजेरी लावतात. पहिल्या आलापातच पद ओळखून दाद देणे, धृपद आले की ओठांतल्या ओठांत साथ करणे, मध्यंतरात मूळ संचातील प्रयोग आपण कोठे पाहिला हे शेजाऱ्याला सांगणे, या वरवर साध्या वाटणाऱ्या कृती म्हणजे रसिकांची श्रद्धांजलीच होय.

या शोकाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. नटाचा मृत्यू एकदा होतो. रचनाकाराचा शोक पुन्हा पुन्हा करावा लागतो. १९८३ मध्ये वसंतराव देशपांडे गेले, तेव्हा 'कट्यार'चा एक मोठा स्वर थांबला आणि तो दुःखाचा प्रसंग स्वतः अभिषेकींच्याही वाट्याला आला. बुवांच्या पश्चात २०२० मध्ये आशालता वाबगावकर, २०२१ मध्ये श्रीकांत मोघे, २०२२ मध्ये रामदास कामत आणि २०२५ मध्ये प्रभाकर कारेकर यांचे निधन झाले. यांपैकी कोणाचेही स्मरण करताना अभिषेकींच्या चालीच ओठांवर येतात. गायक जातो तेव्हा रचनाकाराने त्याच्याकडे ठेवलेली एक ठेवही जाते. म्हणून जाणत्या रसिकाचा शोक दुहेरी असतो. बाकीच्यांच्या तो ध्यानातही येत नाही. 'वसंतरावांचे गाणे', 'रामदास कामतांचे पद' असे आपण सहज म्हणतो. तो स्वामित्वाचा दाखला नव्हे, प्रेमाची भाषा आहे हे खरे. पण या भाषेत चाल बांधणारा हळूहळू नाहीसा होतो.

अन्यत्रचे काही दाखले

ही प्रवृत्ती केवळ महाराष्ट्राची नाही. इटालियन संगीत नाटकाचा थोर रचनाकार ज्युझेप्पे व्हेर्दी २७ जानेवारी १९०१ रोजी मिलान येथे निवर्तला. अंत्ययात्रा साधेपणाने व्हावी, अशी त्याची इच्छा होती. सुमारे महिन्याभराने त्याचा देह वृद्ध संगीतकारांसाठी त्याने स्वतः बांधलेल्या निवासात हलविण्यात आला, तेव्हा तोस्कानिनीच्या संचालनाखाली शेकडो गायकांनी त्याच्या 'नाबुक्को' या नाटकातील समूहगीत गायिले. न्यूयॉर्कमध्ये २५ जानेवारी १९९६ रोजी 'रेंट' या संगीत नाटकाचा तरुण रचनाकार जोनाथन लार्सन पहिल्या पूर्वप्रयोगाच्याच पहाटे अकस्मात गेला. त्या संध्याकाळी नटसंचाने त्याच्या आप्तेष्टांसमोर नाटकातील गाणी गायिली. स्टीफन सॉन्डहाइम २६ नोव्हेंबर २०२१ रोजी निधन पावला आणि दोनच दिवसांनी ब्रॉडवेवरील कलावंतांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये जमून त्याच्या एका नाटकातील समूहगीत गाऊन त्याला निरोप दिला.

तिन्ही ठिकाणी शोक करणाऱ्यांना गाण्यावाचून दुसरे काही योग्य वाटले नाही, हे साम्य लक्षणीय आहे. परंतु एक भेदही आहे. पाश्चात्त्य संगीत नाटकाचे स्वरलेखन, वाद्यमेळासह, छापलेले असते. रचनाकार गेल्यावर शंभर वर्षांनीही ते पुढे ठेवून संपूर्ण नाटक उभे करता येते. आपल्याकडे काही पदांची स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. तथापि पदाची उठावण, संवादातून स्वरात शिरण्याची जागा, ऑर्गन व तबल्याने तेथे धरावयाचा तोल, या गोष्टी बव्हंशी तालमीतून व सहवासातूनच पुढे जातात. त्यामुळे तिकडील गायन हा निरोप असतो. आपल्याकडे निरोपाबरोबर विद्येचे हस्तांतरणही होत असते. आपल्या पुण्यतिथींवर म्हणूनच अधिक जबाबदारी येते.

काय टिकते, काय निसटते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुण्यतिथीच्या मैफलीने अभिषेकींची पदे टिकविली, हे निर्विवाद. बुवा गेल्यानंतर जन्मलेली मुले आज ती पदे उत्तम रीतीने गातात. परंतु मैफलीला स्वतःचे नियम असतात. लोकप्रिय पदांची निवड होते आणि तीच ती पदे दरवर्षी येतात. पराशराच्या पदानंतर लगेच खाँसाहेबांचे पद येते आणि मध्ये निवेदक एखादा विनोदी किस्सा सांगतो. रंगमंचावर आटोपशीर असलेले पद मैफलीत दहा-पंधरा मिनिटे विस्तारते. टाळ्या मिळतात, मात्र ते पद कोणी, कोणाला उद्देशून, कोणत्या पेचात म्हटले होते, हे नव्या श्रोत्याला कळत नाही.

येथे एक विसंगती उत्पन्न होते. ज्या रचनाकाराने नाटक थांबवून गाण्याची प्रथा मोडली आणि पद कथानकाच्या स्वाधीन केले, त्याचेच स्मरण आपण पदे कथानकातून सोडवून करतो. शोकाचे हे रूप त्याच्यावरील प्रेमातून आलेले आहे, त्याच्या हेतूला मात्र ते बाधक ठरते. पदे उरली आणि नाटके विस्मरणात गेली, तर अभिषेकी हे सुरेल चालींचे जनक म्हणून लक्षात राहतील. नाटकाचा विचार करणारे रचनाकार म्हणून ते हरवतील. हा दुसरा मृत्यू टाळणे आपल्या हाती आहे.

मैफलीला दोष देऊन भागणार नाही, हेही तितकेच खरे. संपूर्ण संगीत नाटक उभे करण्यास गाणारे नट, वादक, दीर्घ तालमी आणि आर्थिक बळ लागते. दोन हार्मोनियम, तबला आणि चार गायक यांत मैफल होते. मैफल नसती तर कदाचित पदेही उरली नसती. शिवाय मैफलीने घडविलेल्या श्रोत्यांमुळेच नाटक परत येऊ शकते, असाही अनुभव आहे. २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली, वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांना घेऊन 'कट्यार' पुन्हा रंगभूमीवर आले. २०१५ मध्ये त्याच नाटकावर चित्रपट निघाला, त्यात नव्या रचनांबरोबर अभिषेकींची पदेही होती. ज्यांनी कधी संगीत नाटक पाहिले नव्हते, असे तरुण प्रेक्षक त्याला मोठ्या संख्येने गेले. कथा आणि पद पुन्हा एकत्र आले की नवा रसिक निर्माण होतो, हे यावरून दिसते.

नवी मुंबई आणि महाविद्यालयांचे कार्य

हा विचार नवी मुंबईच्या संदर्भात विशेष निकडीचा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १ जानेवारी १९९२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. गिरगाव-दादरच्या चाळींतून, कोकण-गोव्यातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. ज्यांनी 'मत्स्यगंधा' किंवा 'कट्यार' मूळ संचात पाहिले, त्यांनी ते बहुधा अन्यत्र पाहिले आणि आठवण तेवढी येथे आणली. जुन्या पेठेत ही आठवण नाट्यगृहाच्या वास्तूला, गल्लीला, ओळखीच्या माणसांना चिकटून राहते. नव्या नगरातील सदनिकेत ती एकेका व्यक्तीच्या मनात असते आणि त्या व्यक्तीबरोबर संपते. १९६७ मध्ये वीस वर्षांचा असलेला प्रेक्षक आता ऐंशीच्या घरात आहे.

दुसरीकडे, आमच्या वर्गात बसणारा विद्यार्थी अनेकदा या परंपरेच्या बाहेरचा असतो. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांतून येणाऱ्या मुलामुलींच्या घरी धवल्यासारख्या गीतांचा स्वतःचा मौखिक वारसा आहे. संगीत नाटक हे 'दुसऱ्यांचे' गाणे, अशी त्यांची समजूत झाली असेल तर तो दोष त्यांचा नाही. पण 'मत्स्यगंधा'ची नायिका नाव वल्हवणारी धीवरकन्या आहे. केवळ पद ऐकविले तर ते परके वाटेल. प्रसंगासह ऐकविले तर कोळीवाड्यातील विद्यार्थिनीला त्या नावेतील मुलीचा पेच कदाचित आमच्यापेक्षा अधिक लवकर उमजेल.

या दृष्टीने महाविद्यालयांना पुढील गोष्टी फारसा खर्च न करता करता येतील.

१) पद प्रसंगासह सादर करणे : युवक महोत्सवातील स्पर्धा असो वा स्मृतिसमारोह, पदापूर्वी नाटक, पात्र, प्रसंग, पद्यकार आणि रचनाकार यांचा उल्लेख अनिवार्य करावा. शक्य तेथे पदाआधीचे चार-पाच संवाद वाचावेत. मराठी व संगीत या विभागांनी मिळून 'पदांसह नाट्यवाचन' केल्यास नेपथ्य-वेशभूषेवाचूनही नाटकाचा बांधा ऐकू येतो.

२) प्रेक्षकांच्या आठवणींचे संकलन : परिसरातील ज्येष्ठ नागरिकांनी पाहिलेल्या प्रयोगांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित कराव्यात. कोणत्या पदाला टाळी पडे, कोठे शांतता पसरे, संवादातून गाण्यात नट कसा शिरे, ही माहिती ध्वनिमुद्रिकेत सापडत नाही. मौखिक इतिहासाचे हे काम इतिहास व समाजशास्त्र या विभागांनाही उपयुक्त ठरेल.

३) श्रेयनिर्देशाचा आग्रह : रचनाकाराचे नाव घेणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ नुसार कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा स्वतंत्र हक्क आहे. संगीतरचनेवरील स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे अभिषेकींच्या रचनांबाबत तो २०५८ च्या अखेरपर्यंत आहे. विधी आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांना हा विषय जवळच्या उदाहरणातून समजावता येईल.

४) अल्पपरिचित नाटकांकडे लक्ष : गाजलेल्या दोन-तीन नाटकांपलीकडे अभिषेकींनी पुष्कळ नाटकांना संगीत दिले. त्यांच्या संहिता ग्रंथालयांत धूळ खात पडलेल्या असतात. प्रतिवर्षी अशा एका नाटकाचे वाचन झाले, तरी काही वर्षांत त्या निर्मितीचा बराचसा भाग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल.

समारोप

नटाच्या निधनानंतर त्याची प्रतिमा मागे राहते. नाटककाराचा ग्रंथ राहतो. रचनाकार मात्र दुसऱ्यांच्या गळ्यांवर विसंबून मागे राहतो. म्हणून त्याचा शोक मौन पाळून पुरा होत नाही; त्यासाठी कोणी तरी गावे लागते आणि कोणी तरी जाणतेपणाने ऐकावे लागते. भास्करबुवांपासून अभिषेकींपर्यंत मराठी रसिकांनी हे कर्तव्य हजेरीच्या रूपाने पार पाडले आहे आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. गाणाऱ्यांनी आपला वाटा उचललेला आहे. जाणतेपणाने ऐकणारा श्रोता तयार करणे हा वाटा मुख्यतः शिक्षकांचा आहे.

येत्या ७ नोव्हेंबरला एखाद्या महाविद्यालयात अभिषेकींचे पद गायिले जाईल, तेव्हा गाणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : हे कोण म्हणते आहे, कोणाला म्हणते आहे आणि या क्षणी त्याला गावेसे का वाटले? या प्रश्नांची उत्तरे शोधताना तो आपोआप नाटकापर्यंत जाईल, आणि ज्याने त्या क्षणासाठी नेमका तो स्वर निवडला, त्याची त्याला खरी ओळख होईल.